मिल लेनच्या वळणावरचे खांबेटे काका

परवा करमाळ्याहून माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याच्या मुलीला इंग्लंडमधल्या एका लहान शहरातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालाय. तो म्हणाला, "लंडनचं सगळेच सांगतात. लहान गावात रोजचं जगणं कसं असतं, ते सांग. सकाळी उठून माणसं काय करतात?" मी सांगायला लागले. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की मी गावाबद्दल फारसं काही सांगतच नाहीये, खांबेटे काकांबद्दल सांगतेय. त्यालाही ते कळलं असावं. म्हणाला, "हे लिहून काढ ना." मला लिहायची सवय नाही. प्रयोगांचे अहवाल सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी जमेल तसं लिहिते.

२००६च्या सप्टेंबरात मी तिथे फूड सायन्स शिकायला गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई चौथी शिकलेली. त्यामुळे परदेशात कुणाला काय विचारायचं असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीनं खांबेट्यांच्या घरची वरची लहान खोली मला राहायला मिळाली. काका स्टेशनवर घ्यायला आले होते. उंच, जरा वाकलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. माझी मोठी बॅग त्यांनी न विचारता उचलली आणि चालायला लागले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "छान आहे हो गाव."

काका थांबले. बॅग खाली ठेवली. "गाव नाही, सिटी. इथे कॅथीड्रल आहे. कॅथीड्रल असलं की सिटी म्हणायचं. लोकसंख्या विचारायची नाही."

मग वाटेत त्यांनी मला ती सिटी दाखवली. एक थिएटर, दोन प्लॅटफॉर्मचं स्टेशन, बुधवार-शनिवारचा बाजार, साडेपाचला बंद होणारी दुकानं. घरात शिरायच्या आधी त्यांनी मला बाहेर ठेवलेले कचऱ्याचे डबे दाखवले. "काळा एका मंगळवारी, निळा पुढच्या मंगळवारी. हिरवा बागेचा, तो आमच्या डॉक्टरांच्या ताब्यात."

"आणि चुकलं तर?" मी घाबरत विचारलं.

"चुकलं तर काही होत नाही. पण अख्खी गल्ली बघते."

पुढे मला कळलं, की अख्खी गल्ली काकांकडेच बघायची. शेजारची पॉलीन सोमवारी संध्याकाळी पडदा सरकवून काकांनी कुठला डबा बाहेर काढला ते पाहायची आणि तोच काढायची. तिचा पाहून पलीकडचे काढायचे. एकदा बँक हॉलिडेच्या सुट्टीनं पाळी बदलली आणि काकांचाच डबा चुकला, तर सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीच्या निळ्या डब्यांची रांग उभी. काका पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत माफी मागत गेले. येताना तीन घरी चहा झाला होता.

काकांची पत्नी उषाताई जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात, त्या तिथे अजून आठवड्यातले तीन दिवस जायच्या. गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि काकाही डॉक्टरच म्हणायचे. "डॉक्टर, माझा चष्मा कुठे दिसला का तुम्हाला?" मी डॉक्टर काकू म्हणायला लागले. काका सांगलीचे बी.कॉम. लग्न करून बायकोच्या मागून इथे आले आणि सत्तावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये होते. चादरी, हातमोजे, बँडेज, साबण. तिथली भाषा त्यांच्या तोंडातून गेली नव्हती. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "तुला एक छत्री इश्यू करतो. परत करायची नाही, पण हरवायचीही नाही." सकाळी स्वयंपाकघरात आले की म्हणायचे, "डॉक्टर, एक चहा इश्यू होईल का?" काकू वर न बघता म्हणायच्या, "फॉर्म भरा."

माझ्या खोलीतून खाली उतरलं की दाराजवळच्या अरुंद पॅसेजमध्ये एक भलीमोठी काठी उभी असायची. टोकाला पिवळी गोल पाटी, त्यावर इंग्रजीत 'थांबा, मुलं'. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठून तरी पडलेला रस्त्यावरचा फलक काकांनी उचलून आणलाय. ती त्यांच्या कामाची होती. शाळेच्या वेळेला रस्त्यात उभं राहून, ही काठी आडवी धरून गाड्या थांबवायच्या आणि मुलांना पलीकडे सोडायचं. त्या काठीमुळे या लोकांना तिथे लॉलीपॉप मॅन म्हणतात. काका हे काम मिल लेनच्या वळणावर करायचे. सकाळी साडेआठ ते नऊ, दुपारी तीन ते पावणेचार. अंगात गुडघ्याखाली पोचणारा चमकता पिवळा कोट, डोक्यावर सरकारी टोपी, आणि तिच्या आत काकूंनी विणलेली लोकरीची टोपी. दर रविवारी काका अंगणात बसून भांड्याच्या साबणानं ती पाटी घासायचे.

रिटायर झाल्यावर तीन महिने काका घरात खिडकीशी बसून होते, आणि मग लायब्ररीच्या बोर्डावर त्यांनी ही जाहिरात पाहिली, असं काकूंनी मला सांगितलं. "मला विचारलंही नाही. एके दिवशी हा पिवळा कोट घालून समोर उभे. मी आठ दिवस बोलले नाही, वैशाली. अगं, माझे पेशंट त्याच रस्त्यानं येतात." मुलगी मीरा लंडनजवळच्या पिनरला असते, वकील आहे, जन्म इथलाच. तिचा दर रविवारी फोन. काका स्पीकर लावायचे. "बाबा, तू का उभा राहतो त्या थंडीत? तुझा गुडघा बरा हाय का? मम्मी, तू सांग ना त्याला." काका म्हणायचे, "गुडघा बरा आहे. तुझं मराठी कसं आहे?"

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यात काका आहेत. वर्गात मला बोलता यायचं नाही. प्रश्न कळायचा, उत्तरही यायचं, पण माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. एके दिवशी मी हे चुकून जेवताना बोलून गेले. काका म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वळणावर, फुटपाथच्या कडेला उभं केलं. "येणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायचं आणि हवेबद्दल एक वाक्य बोलायचं. एकच."

"पण हवा तर सगळ्यांना दिसतेच आहे ना काका?"

"म्हणूनच. चुकायची भीती नाही."

मी बोलले. 'ग्रे अगेन.' 'नॉट टू बॅड.' 'अ बिट फ्रेश.' चाळीसेक माणसांना. बाविसाव्या-तेविसाव्या माणसाला माझा आवाज मला ऐकू आला. दोन आठवडे रोज गेले. वर्गात मी एकदम फार बोलू लागले असं काही नाही, पण हात वर करायला लागले.

त्या दोन आठवड्यांत मी काकांना काम करताना पाहिलं. त्यांना सगळं माहीत असायचं. कुणाचा दात हलतोय, कुणाच्या घरी बाळ आलंय, कुणाचे बाबा आता दुसऱ्या घरी राहतात आणि म्हणून ते पोर सोमवारी उलट्या बाजूनं येतं. मुलं त्यांना मिस्टर के म्हणायची. रस्त्यात पडलेला एकटा हातमोजा सापडला की काका तो शाळेच्या कुंपणाच्या सळईवर अडकवून ठेवायचे. हिवाळ्यात ते कुंपण लांबून कुणीतरी हात वर करून बसल्यासारखं दिसायचं. एखादं पोर लांबून रेंगाळत येताना दिसलं, तर काका त्याच्यासाठी रस्ता धरून ठेवायचे. मागे गाड्या तुंबायच्या. कुणी हॉर्न वाजवला की काका वळून, टोपीला हात लावून, मोठ्यानं म्हणायचे, "गुड मॉर्निंग!" आणि तरीही हलायचे नाहीत.

एकदा मी विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

ते काठी टेकून उभे होते. म्हणाले, "स्टोअर्स तळघरात होतं, वैशाली. खिडकी नव्हती. हिवाळ्यात अंधारात घरातून निघायचो, अंधारात परत यायचो. बाहेर ओळख विचारली तर डॉक्टरांचे मिस्टर. या गावात मी तीस वर्षं राहिलो, पण मला ते दिसलं साठाव्या वर्षी, इथून." मग चटकन म्हणाले, "गाव नाही. सिटी."

दुसऱ्या वर्षी आम्ही कॉव्हेंट्रीला गणपतीला गेलो. भाड्यानं घेतलेला एका शाळेचा हॉल, थर्माकोलचं मखर, मसालेभाताचा वास, बायकांच्या जरीच्या साड्यांवर कोट. बहुतेक सगळी डॉक्टरांची कुटुंबं. तिथे डॉक्टर सबनीस नावाचे सर्जन काकांना गाठून म्हणाले, "अरविंदराव, नन ऑफ माय बिझनेस, पण ते लॉलीपॉपचं तुम्ही अजून करता म्हणे? उद्या पेशंटनं कुणी पाहिलं तर उषाताईंना किती ऑकवर्ड."

"पेशंटच तर पोरांना घेऊन येतात. रोज बघतात."

"पण गरज काय आहे, आय मीन?"

"मला नाही हो," काका म्हणाले. "त्या वळणाला आहे."

सबनीस हसले आणि वाटी घेऊन पुढे गेले. काकू शेजारीच उभ्या होत्या.  परत येताना ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत अचानक म्हणाल्या, "अहो, त्या सबनीसांना एकदा पावसात मिल लेन क्रॉस करायला लावा."

काका म्हणाले, "हात धरावा लागेल त्यांचा." दोघंही हसत सुटले. समोरची बाई आमच्याकडे बघून उगीच हसली. मला वाटतं, काकूंचा राग त्या ट्रेनमध्ये संपला.

आता वळणाबद्दल सांगायला हवं. मिल लेन हा उताराचा, अरुंद रस्ता. त्याच्या खालच्या टोकाला हमरस्ता आणि वरच्या टोकाला ट्रेव्हरचं यार्ड. ट्रेव्हर बांधकामाचं सामान विकायचा. विटा, वाळू, फळ्या. त्याच्या लॉऱ्यांना हमरस्त्याला जायला मिल लेन जवळची, म्हणून त्या सकाळी वळणावरून धडधडत यायच्या. ब्रेडची गाडी, दुधाची गाडी, वर्कशॉपची माणसं, सगळ्यांचा तोच शॉर्टकट. काका कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात एक लॉरी एका मुलीच्या दप्तराला घासून गेली होती. मुलीला काही झालं नाही. दप्तराचा पट्टा मात्र तुटला. तो पट्टा काकांनी स्वतः शिवून दिला.

त्यानंतर काकांनी जे केलं, ते लॉलीपॉप मॅनच्या कामात कुठेच लिहिलेलं नाही. त्यांनी प्रत्येक गाडीचा माग काढला. कोण, कुठून, कशासाठी. आणि मग प्रत्येकाला हातानं पत्र लिहिलं. स्टोअर्सच्या पद्धतीनं. वर विषय, खाली मुद्दे एक, दोन, तीन, शेवटी विनंती: साडेआठ ते नऊ आणि तीन ते पावणेचार, आपली गाडी कृपया हमरस्त्यानं वळवावी. पत्राला उत्तर आलं नाही की स्वतः जायचे, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात काकूंचा चिवडा भरून. ब्रेडवाला दोन भेटींत कबूल झाला. ट्रेव्हरला एक वर्ष लागलं.

ट्रेव्हर मी पाहिलेला आहे. लाल चेहऱ्याचा, दाराएवढा माणूस. तो काकांना तोंडावर म्हणायचा, "मिस्टर के, यू आर अ ब्लडी न्यूसन्स." काका म्हणायचे, "येस, ट्रेव्हर. हाफ पास्ट एट." शेवटी त्यानं वेळापत्रक बदललं. त्याच्या लॉऱ्या शाळेच्या वेळेला एकतर आत उभ्या राहायच्या, नाहीतर लांबून जायच्या. पुढे तर दर शनिवारी तो स्वतः चिवड्याचा रिकामा डबा परत द्यायला यायचा आणि भरलेला घेऊन जायचा. असं करत करत पाच-सहा वर्षांत मिल लेन शाळेच्या वेळेला शांत झाली.

आणि तिथेच सगळं अडलं.

२००८च्या उन्हाळ्यात कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, काकांना पत्र आलं. शहरातल्या सगळ्या क्रॉसिंगची पुन्हा पाहणी होणार. नियम साधा होता. शाळेच्या वेळेला अर्धा तास उभं राहून मोजायचं, मुलं किती ओलांडतात आणि गाड्या किती जातात. दोन्ही मिळून एक ठरलेला आकडा गाठला, तर तिथे माणूस ठेवायचा. नाही गाठला, तर जागा बंद.

एक मुलगा आणि एक बाई हातात मोजायची यंत्रं घेऊन आली. बोट दाबलं की टक असा आवाज. काकांनी त्यांना उभं राहायला सावलीची जागा दाखवली. मुलं नेहमीइतकीच होती. गाड्या मात्र येईचनात. बाईच्या हातातलं यंत्र मिनिट-मिनिट गप्प असायचं. मी त्या दिवशी कॉलेजला उशिरा गेले, कुंपणाशी उभी राहून बघत होते. काकांना ते कळत होतं असं मला वाटतं, कारण ते अधूनमधून रिकाम्या वळणाकडे बघत होते.

आठवड्यानं उत्तर आलं. आकडा गाठला गेला नव्हता. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं अर्ज केला, तेव्हा कौन्सिलनं पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मोजायचं कबूल केलं. तेव्हाही नाही झालं, तर जुलैत शाळा संपताना काकांचं काम संपणार.

शनिवारी ट्रेव्हर डबा घेऊन आला, तेव्हा बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मावत नव्हता. त्यानं टेबलावर हात ठेवले आणि इंग्रजीत म्हणाला, की यात अवघड काहीच नाही. मोजणीच्या सकाळी माझ्या सहा लॉऱ्या आणि दोन व्हॅन मिल लेननं पाठवतो. गरज पडली तर गोल फिरवून दोनदा. ब्रेडवाल्याशीही बोललोय, तो येतो म्हणतोय. अर्धा तास. मग सगळं पहिल्यासारखं.

मला वाटलं, सुटलं. मी काकांकडे पाहिलं.

काका म्हणाले, "नो, ट्रेव्हर. थँक यू."

"व्हाय एव्हर नॉट?"

"बिकॉज द चिल्ड्रन विल बी देअर."

ट्रेव्हरनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी चहा त्याच्यापुढे ठेवला. तो गेल्यावर मग त्या बोलल्या. मी जिन्यात थांबले होते. वर जायला हवं होतं, गेले नाही.

"अहो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"हो."

"ड्रायव्हर ओळखीचे. सावकाश चालवतील. तुम्ही स्वतः तिथे असणार."

"डॉक्टर, सहा वर्षं मी एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं, या वेळेला इथून येऊ नका, पोरं असतात. आता सांगू, या, पोरं असतानाच या?"

"एक दिवस हो!"

"एक पोर जायला एक दिवस पुरतो."

काकूंचा आवाज चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं. "आणि काम गेलं की? तुम्ही नसलात की लॉऱ्या राहतील लांब? कोण पाळणार आहे? तुमच्या चांगुलपणानं त्या पोरांचा माणूस जाणार आहे, ते दिसत नाही तुम्हाला?"

 काका म्हणाले, "दिसतंय. पण ते मला करता येणार नाही."

"आणि तुमचं काय? परत त्या खिडकीत बसणार?"

 नळ सोडल्याचा आवाज आला. कपबश्या काकाच धूत होते.

काकूंचं बरोबर होतं की काकांचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. म्हणून दोघांचं जसं ऐकलं तसं लिहिलं.

दुसऱ्या मोजणीच्या सकाळी झिमझिम पाऊस होता. तीच बाई, तोच मुलगा. काकू सर्जरीत जायच्या आधी छत्री घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी कुंपणाशी उभ्या राहिल्या. सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच नवऱ्याचं काम बघायला आल्या होत्या. काकांनी त्यांना बघून टोपीला हात लावला, इतर आयांना लावायचे तसाच.

पावणेनऊ वाजून गेले. दोन-तीन मोटारी, एक पोस्टाची व्हॅन. आणि मग वरच्या बाजूनं ओळखीचा धडधडाट ऐकू आला. वळणावर विटांनी भरलेली ट्रेव्हरची लॉरी आली. एकच. चालवत होता ट्रेव्हर स्वतः.

काका रस्त्याच्या मध्ये गेले आणि काठी आडवी धरली. लॉरी थांबली. मुलं फुटपाथवरच होती. त्यांना हातानं मागे सारून काका लॉरीच्या खिडकीपाशी गेले. तिथून बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं.

"ट्रेव्हर, व्हॉट टाइम इज इट?"

"टेन टू नाइन, मिस्टर के."

"अँड व्हॉट डिड वी से?"

ट्रेव्हरनं स्टिअरिंगवर हात आपटला. "आय नो व्हॉट वी सेड!" त्याचे डोळे भरले होते की पावसामुळे मला तसं दिसलं, सांगता येत नाही. मग त्यानं लॉरी मागे घ्यायला सुरुवात केली. उतारावर, अरुंद रस्त्यात, एवढी मोठी गाडी. काका तिच्या मागे जाऊन काठीनं दिशा दाखवत राहिले. मागे शाळेच्या गेटपाशी जागा मिळाल्यावर ती वळली आणि आली तशी वर गेली. हे सगळं होईपर्यंत चांगली पाच-सहा मिनिटं गेली. मोजणीतली.

यंत्रवाली बाई गोंधळली होती. तिनं काकांना विचारलं, "ही धरायची का? ती तर गेलीच नाही इथून."

काकांनी विचार केला. "मोजा," ते म्हणाले. "आली होती."

तिनं बोट दाबलं. टक.

काकूंनी छत्री माझ्या हातात दिली, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हा माणूस." एवढंच म्हणून त्या सर्जरीच्या दिशेनं चालायला लागल्या, छत्री न घेताच. मला त्यांच्या मागे पळावं लागलं.

आकडा गाठला गेला नाही. 

जुलैत शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलांनी काकांना कार्डं दिली. एवढी, की ती आणायला काकांना पॉलीनची बाजाराची चाकांची पिशवी मागावी लागली. काही कार्डांवर काकांचं चित्र होतं आणि बहुतेक सगळ्यांत काठी काकांपेक्षा मोठी होती. मीरा पिनरहून आली होती. ती खाली जमिनीवर बसून एकेक कार्ड वाचत होती. "बाबा, हे बघ, यानं लिहिलंय तू त्याचा शू लेस बांधला." थोड्या वेळानं वाचायची थांबली आणि कार्डं नुसती हातात धरून बसली.

सोमवारी काका कोट, टोपी आणि काठी परत करायला कौन्सिलच्या डेपोत गेले. काठी मोटारीत मावत नव्हती, म्हणून बसनं. ड्रायव्हरनं तिकीट फाडलं नाही. डेपोतल्या माणसानं सामान एका कोपऱ्यात टेकवून ठेवलं आणि 'चीअर्स' म्हणाला. काका तिथेच उभे राहिले. त्यांना पोच हवी होती. त्या माणसाकडे असला कागदच नव्हता. शेवटी काकांनी स्वतःच एका कागदावर लिहिलं, कोट एक, टोपी एक, काठी एक, सर्व स्वच्छ स्थितीत, आणि त्याची सही घेतली. हे त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं. सांगून झाल्यावर ते बागेत गेले आणि खूप वेळ आत आले नाहीत.

ऑगस्टभर काका घरात होते. पॅसेज एकदम मोकळा वाटायचा. ट्रेव्हर शनिवारी येत राहिला. एकदा काकांनी त्याला दारातच विचारलं, "सप्टेंबर?" तो म्हणाला, "हाफ पास्ट एट. आय हॅव इट ऑन द वॉल." बाकी कुणाचं सांगता येत नव्हतं. ब्रेडच्या गाडीचा ड्रायव्हर बदलला होता.

मला लंडनमधल्या ईलिंगमध्ये एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. निघायचा दिवस सप्टेंबरातला, शाळा उघडण्याचाच दिवस निघाला. ते ठरवून झालं नव्हतं. मला वाटलं होतं काका स्टेशनवर येतील. पण सव्वाआठला त्यांनी साधा तपकिरी कोट चढवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला जरा बाहेर जायचंय. साडेआठच्या बसनं जा, वर बस, पुढच्या सीटवर. पोचलीस की डॉक्टरांना फोन कर."

काकूंनी मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. काका कुठे गेलेत ते त्यांना मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसले. मिल लेन जिथे हमरस्त्याला मिळते तिथे सिग्नल लाल होता. बस थांबली. वरून वळण स्पष्ट दिसत होतं. शाळेचे नवे, अंगाला मोठे होणारे स्वेटर घातलेली मुलं फुटपाथच्या कडेला थांबली होती, काही आया, एक ढकलगाडी, आणि त्यांच्यात काका. टोपी नाही, काठी नाही. त्या कोटाशिवाय गाडी थांबवायचा अधिकार कुणालाच नसतो, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

उतारावरून एक लाल मोटार आली. जरा जोरातच. काकांचे दोन्ही हात पाठीमागे होते. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. मला आधी वाटलं, थंडी वाजत असेल. मोटार जवळ आली तेव्हा धरलेला तो हात कोपरापासून हलला, आणि दुसऱ्या हातानं त्याला खाली ओढलं. मोटार निघून गेली.

मग काकांनी मान उजवीकडे वळवली. सावकाश डावीकडे. पुन्हा उजवीकडे. त्यांच्या शेजारच्या सात-आठ लहान माना तशाच वळल्या, एकीची जरा उशिरा. काका तिच्यासाठी थांबले. तिचंही बघून झाल्यावर सगळे रस्त्यात उतरले. सिग्नल सुटला आणि माझी बस हलली, तेव्हा मुलं पलीकडच्या फुटपाथवर चढत होती. काका अजून रस्त्यात होते, सगळ्यांच्या मागे.